आठ नंबरचा चाकू आणि तीन देश

निघण्यापूर्वी

पिंपरीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे यंत्रांची हत्यारे आणि साचे घडवणाऱ्या विभागात, ३४ वर्षे काढून निवृत्त झालो आणि त्याच सप्टेंबरात युरोपला जाण्याचे ठरले. सौभाग्यवतींच्या यादीत बर्फाची शिखरे आणि लंडनची संग्रहालये होती; माझ्या यादीत तीनच गावे होती, स्वित्झर्लंडमधले इबाख, जर्मनीतले सोलिंगेन आणि इंग्लंडमधले शेफील्ड. तिन्ही गावे चाकू-सुऱ्यांवर मोठी झालेली आहेत आणि पोलादात आयुष्य गेलेल्या माणसाने ती पाहावीत, यात घरात कोणाला काही वावगे वाटले नाही. प्रश्न निर्माण झाला तो माझ्या खिशातल्या चाकूचा.

आजोबांच्या कोटात अडकित्ता असे, तसा माझ्या खिशात घडीचा चाकू असतो. पेरू कापणे, पार्सलची दोरी तोडणे आणि पेन्सिलीला टोक काढणे यापलीकडे त्याने आजवर काही केलेले नाही. आपल्याकडच्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांमध्ये गणले जातात आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी घडवलेली हत्यारे वगळलेली आहेत. त्यामुळे खिशातल्या चाकूचा विचार कायद्याच्या अंगाने करावा लागतो, हेच मला साठीपर्यंत ठाऊक नव्हते. परदेशातले नियम वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की तिथे तीन प्रश्न विचारले जातात. पाते किती लांब आहे, उघडल्यावर ते पक्के अडकते का आणि ते एका हाताने उघडते की दोन हातांनी? चौथा प्रश्न माणसाला असतो, तो म्हणजे हा चाकू तुम्ही इथे, आत्ता, कशासाठी बाळगला आहे.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे चाकू हाताळून आणि व्हर्नियर या बारीक मापाच्या उपकरणाने मोजून मिळतात. माझा नेहमीचा चाकू म्हणजे फ्रान्सच्या साव्वा भागातल्या ओपिनेल कंपनीचा आठ नंबर. लाकडी मूठ, ८५ मिलिमीटरचे पाते आणि ते उघडल्यावर मुठीच्या गळ्याशी फिरवून घट्ट करायचे पोलादी कडे, जे या कंपनीने १९५५ साली आणले. पाते नखाने खोबणीत धरून उघडावे लागते, म्हणजे दोन्ही हात लागतात. ही तिन्ही मापे मी वहीत लिहून ठेवली, चाकू जाड मोज्यात गुंडाळला आणि विमानात सामानकक्षात जाणाऱ्या मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवला.

पहिला दिवस : मुंबई ते ब्रुनेन

एवढी तयारी करणाऱ्या माणसाची फजिती मुंबईच्या विमानतळावरच झाली. सुरक्षा तपासणीत माझी हातातली पिशवी पट्ट्यावरून बाजूला काढली गेली आणि तिच्यातून घराच्या किल्ल्या बाहेर आल्या. किल्ल्यांच्या कडीत पंधरा वर्षांपासून अडकवलेला ५८ मिलिमीटरचा लाल चाकू होता. बंद स्थितीत करंगळीएवढा दिसणारा, नखे कापायला आणि लिफाफे फोडायला वापरलेला हा चाकू माझ्या लेखी चाकू राहिलाच नव्हता, तो किल्लीच झाला होता. जवानाने शांतपणे सांगितले की चाकू कितीही लहान असला तरी प्रवाशाबरोबर आत जाऊ शकत नाही. परत जाऊन तो सामानात टाकण्याएवढा वेळ उरला नव्हता. तो तिथल्या पेटीत टाकताना माझा चेहरा असा झाला असावा की सौ. म्हणाल्या, “अहो, दात काढल्यासारखे काय करताय?”

यातला विरोधाभास असा की हाच चाकू झुरिचहून निघताना बहुधा आत नेता आला असता, कारण युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा नियमांत ६ सेंटिमीटरहून लांब पात्यांना मज्जाव आहे आणि स्वित्झर्लंडमध्येही तेच माप चालते. अमेरिकेनेही २०१३ साली जवळपास हेच माप स्वीकारण्याचे जाहीर केले होते, परंतु विमान कर्मचाऱ्यांच्या विरोधामुळे काही महिन्यांतच तो बेत गुंडाळावा लागला. प्रवासात दोन-तीन विमानतळ ओलांडायचे असतील तर सर्वांत कडक विमानतळाचा नियम धरून चालावे, एवढे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. एका विमानतळावर सुटलेला चाकू पुढच्या विमानतळावरच्या तपासणीत पेटीत पडतो आणि सामान तोवर विमानाच्या पोटात गेलेले असते.

झुरिचला सकाळी उतरून रेल्वेने इबाखजवळच्या ब्रुनेनला पोहोचलो. सरोवरापलीकडे, स्विस संघाची पहिली शपथ जिथे घेतली असे मानतात ते रुटलीचे कुरण दिसत होते, झोप अनावर होत होती आणि मोज्यातला आठ नंबर सुखरूप होता.

दुसरा दिवस : ब्रुनेन आणि इबाख

सकाळी बाजारातून सफरचंदे आणि चीज घेऊन घाटावरच्या बाकावर बसलो आणि आठ नंबर उघडला. शेजारच्या बाकावरचे वृद्ध गृहस्थ स्वतःच्या चाकूने सॉसेज कापत होते. या देशाच्या शस्त्र कायद्यात चौथ्या कलमातच स्पष्ट म्हटले आहे की स्विस सैन्याच्या खिशातल्या चाकूसारखे चाकू धोकादायक वस्तू मानले जाणार नाहीत. ज्या चाकूवर देशाची ओळख जगभर गेली, त्याची सोय कायद्याच्या मजकुरातच करून ठेवावी, हे मला फार आवडले. याचा अर्थ तिथे सारेच चालते असा नाही. खटका दाबताच उघडणारे मोठे चाकू, दुभंगणाऱ्या मुठीचे फुलपाखरी चाकू आणि दुधारी खंजीर यांवर तिथेही निर्बंध आहेत, आणि हौसेने असला चाकू विकत घेऊन सीमा ओलांडणारा पर्यटक दोन्हीकडून अडचणीत येतो.

इबाख हे श्वीत्स गावाला लागून असलेले छोटेसे ठिकाण. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली इथे कारखाना काढला. स्विस सैनिकांना तोवर जर्मनीत, तेही सोलिंगेनलाच, बनलेले चाकू मिळत. १८९१ साली एल्सनरांनी सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि १८९७ साली ज्याला आज सारे जग ओळखते त्या अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली. १९०९ साली आई वारली तेव्हा तिचे ‘व्हिक्टोरिया’ हे नाव त्यांनी कारखान्याला दिले. १९२१ साली न गंजणाऱ्या पोलादाचे फ्रेंच नाव ‘इनॉक्स’ त्याला जोडले गेले आणि ‘व्हिक्टोरिनॉक्स’ तयार झाले. पाती ५६ रॉकवेल कठिणतेची असतात. टूलरूमच्या माणसाला हा आकडा मऊ वाटेल, पण ज्याला दगडावर घासून धार लावायची आहे त्याच्यासाठी तो अगदी योग्य आहे.

ब्रुनेनमधल्या व्हिक्टोरिनॉक्सच्या पर्यटक केंद्रात स्वतःच्या हातांनी चाकू जुळवता येतो. पत्र्याच्या भिंती, स्प्रिंगा, पाते, डबा उघडायची पट्टी आणि बूच काढायचा मळसूत्री स्क्रू हे सारे पितळी पिनांवर एकेक करून चढवायचे, दाबयंत्रात दाबायचे आणि वर लाल पट्ट्या बसवायच्या. माझा चाकू तयार झाला तेव्हा मी व्हर्नियर काढला. पाते सात सेंटिमीटरच्या किंचित आत आणि उघडे पाते अडकवून ठेवणारे कडे किंवा कुलूप कसलेच नाही. ही दोन मापे पुढे इंग्लंडमध्ये उपयोगी पडणार आहेत, हे मला तेव्हाच ठाऊक होते आणि म्हणूनच मी शेजारच्या मांडणीतला मोठा १११ मिलिमीटरचा चाकू हातात घेऊन परत ठेवला.

त्या मोठ्या चाकूची गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्विस सैन्याने २००८ साली निवडलेला सध्याचा सैनिकी चाकू याच घराण्यातला आहे. हातमोजे घातलेल्या सैनिकालाही एका हाताने उघडता यावा म्हणून पात्याला लांबट भोक आहे, आणि उघडल्यावर पाते पक्के अडकते. म्हणजे सैनिकासाठी केलेल्या दोन्ही सुधारणा नेमक्या त्याच आहेत ज्यांमुळे तो शेजारच्या जर्मनीत सबळ कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही. स्विस सैन्याचा खरा चाकू घेऊन रेल्वेने दोन तास उत्तरेला गेले की कायदा बदलतो.

तिसरा दिवस : बाझेल मार्गे वुपरटाल

बाझेलला गाडी बदलण्यापूर्वी मी फलाटावरच दोन्ही चाकू मोठ्या बॅगेत घातले आणि बॅगेला छोटे कुलूप लावले. जर्मनीत ३१ ऑक्टोबर २०२४ पासून लांब पल्ल्याच्या सार्वजनिक वाहतुकीत चाकू जवळ बाळगण्यास बंदी आहे, मग पाते कितीही लहान असो. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याची मुभा आहे, परंतु तो चटकन हाती येईल असा असता कामा नये. कायद्याने त्याची मोजणीही दिली आहे. चाकू हाती येण्यासाठी हाताच्या तीनहून अधिक हालचाली लागल्या पाहिजेत. कुलूप उघडणे, चेन ओढणे, मोजा काढणे, त्यातून चाकू बाहेर घेणे आणि मग पाते उघडणे, असे मी सौ.ना बोटांवर मोजून दाखवले.

ऱ्हाइनच्या काठाने गाडी धावू लागली आणि ब्रुनेनची उरलेली सफरचंदे बाहेर निघाली. “आता कापा की,” सौ. म्हणाल्या. नियमाच्या शब्दांचा कीस काढत बसण्यापेक्षा आम्ही ती दातांनीच खाल्ली.

चौथा दिवस : सोलिंगेन

पुतण्या वुपरटालला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. सकाळी तो आम्हाला न्यायला आला तेव्हा त्याच्या पाठीवरच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्याला एक काळा चाकू क्लिपने अडकवलेला होता. मी तो हातात घेतला, पात्यावरच्या गोल बोंडाला अंगठा लावला आणि पाते ‘खट्’ आवाज करून बाहेर येऊन अडकले.

“काका, ट्रेकिंगसाठी घेतलाय. बारा सेंटिमीटरच्या आत आहे, इथे चालतो.”

त्याने वाचले होते ते अर्धेच बरोबर होते. १२ सेंटिमीटरची मर्यादा न मिटणाऱ्या सुऱ्यांसाठी आहे. घडीच्या चाकूसाठी एप्रिल २००८ पासून वेगळा निकष आहे. एका हाताने उघडणारा आणि उघडल्यावर अडकणारा, असे दोन्ही गुण ज्यात असतील तो चाकू पात्याची लांबी कितीही असली तरी जवळ बाळगता येत नाही. व्यवसाय, खेळ, परंपरा किंवा सर्वमान्य अशा कामाचे कारण असेल तर सूट मिळते, पण रेल्वेने काकाला शहर दाखवायला जाणे हे त्यात बसत नाही, आणि ‘स्वसंरक्षणासाठी’ हे उत्तर तर देऊच नये. दंडाची कमाल रक्कम १० हजार युरो आहे, हे ऐकल्यावर विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जे उमटायचे ते उमटले आणि चाकू खोलीतल्या खणात गेला. माझा आठ नंबर त्याहून लांब असूनही चालतो, कारण त्याला कडे असले तरी तो उघडायला दोन हात लागतात. पुतण्याला हे पटेना. “म्हणजे तुमचा मोठा चालतो आणि माझा लहान नाही?” कायदा बनवणाऱ्यांनी पात्याच्या लांबीपेक्षा ते किती झटकन बाहेर येते याकडे पाहिले आहे, असे मी त्याला सांगितले. यंत्रावर काम केलेल्या माणसाला हा विचार समजतो. अपघात नेहमी वेगाने होतात.

सोलिंगेन स्वतःला अधिकृतपणे ‘पात्यांचे शहर’ म्हणवते. वुपर नदीच्या काठी पाणचक्क्यांवर चालणाऱ्या धार लावण्याच्या झोपड्या होत्या, त्यांतल्या काही जतन केलेल्या आहेत. पात्यावर ‘सोलिंगेन’ हे नाव कोणालाही कोरता येत नाही. पाते याच प्रदेशात घडलेले असावे लागते आणि ठरावीक दर्जाचे असावे लागते. ग्रेफ्राट भागातल्या जुन्या मठात पात्यांचे संग्रहालय आहे. कांस्ययुगीन तलवारींपासून विसाव्या शतकातल्या जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्यांपर्यंत सारे तिथे एकाच छपराखाली ठेवले आहे, आणि माणसाने धारदार वस्तूचा उपयोग मारायला अधिक केला की जेवायला, असा प्रश्न दालनादालनांत पडत राहतो. मी दोन तासांचा वेळ धरला होता, चार तास गेले. काटे-चमच्यांच्या दालनात सौ.ही रमल्या.

दुपारी फ्रोनहोफ चौकात गेलो. शहराला ६५० वर्षे झाली म्हणून भरलेल्या उत्सवात २३ ऑगस्ट २०२४ च्या रात्री याच चौकात एका हल्लेखोराने चाकूने तिघांचा जीव घेतला आणि आठ जणांना जखमी केले. रेल्वेत सफरचंद कापू न देणारा कायदा त्यानंतर दहा आठवड्यांच्या आत लागू झाला. जत्रा, सामने, मैफली, बाजार अशा सार्वजनिक समारंभांत आता सर्वच चाकूंना बंदी आहे आणि स्थानिक वाहतुकीतही अशी बंदी घालण्याचे अधिकार राज्यांना मिळाले आहेत. पुतण्याशी सकाळी वाद घालताना कायदा मला यंत्राच्या नकाशासारखा वाटत होता, अमुक माप, अमुक सवलत. चौकात उभे राहिल्यावर तो तसा वाटेना. आठ नंबर त्या दिवशी मी वुपरटाललाच ठेवून आलो होतो, त्याचे बरे वाटले.

पाचवा दिवस

पाऊस. वुपरटालची उलटी लोंबणारी रेल्वे पाहिली आणि पुतण्याच्या स्वयंपाकघरात पिठले-भात केला. कांदा आठ नंबरने कापला.

सहावा दिवस : ड्युसेलडॉर्फ ते शेफील्ड

निघताना आठ नंबर पुतण्याकडे सोपवला. इंग्लंडचा निकष जर्मनीहून सरळ आहे आणि म्हणूनच अधिक कडक आहे. १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या १३९ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक जागी कोणतेही पाते जवळ ठेवायला सबळ कारण लागते. सुटतो तो केवळ घडीचा असा चाकू ज्याची धार ३ इंचांहून, म्हणजे ७६.२ मिलिमीटरहून लांब नाही. त्या कलमात कुलपाबद्दल चकार शब्द नाही. पण १९९३ साली तिथल्या न्यायालयाने ठरवले की ज्याचे पाते उघडल्यावर अडकते आणि बटण किंवा कडे हलवल्याशिवाय मिटत नाही, तो ‘घडीचा चाकू’ या व्याख्येत बसतच नाही. आठ नंबर दोन्ही कसोट्यांवर नापास होतो, लांबीतही आणि कड्यामुळेही. त्याला बॅगेत बंद ठेवून काही युक्तिवाद करता आला असता, परंतु चार वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद असलेल्या गुन्ह्याबाबत परक्या देशात पोलिसांपुढे युक्तिवाद करण्याची हौस मला नाही. ब्रुनेनचा लाल चाकू मात्र धारेने लहान आणि बिनकुलपाचा असल्यामुळे कारणाशिवायही चालतो. अर्थात कोणाला इजा करण्याच्या हेतूने बाळगला तर पेन्सिलही शस्त्र ठरते, आणि तो नियम १९५३ पासून आहे.

मँचेस्टरला विमानातून उतरून रेल्वेने डोंगरांमधून शेफील्डला आलो. हॉटेलात सामान उघडल्यावर चाकू जागेवर असल्याची खात्री करून मगच चहा घेतला.

सातवा दिवस : शेफील्ड

इथल्या चाकू कारागिरांच्या संघाला इंग्लंडच्या संसदेने १६२४ साली कायदा करून मान्यता दिली आणि तो संघ आजही आहे. न गंजणारे पोलाद याच शहरात १९१३ साली हॅरी ब्रियर्ली यांनी केले. केलहॅम आयलंडच्या संग्रहालयात ‘लिटल मेस्टर’ म्हणवणाऱ्या स्वतंत्र कारागिरांच्या खोल्या पाहायला मिळतात. एका माणसाची एक खोली, एक बाक, एक ऐरण. आपल्याकडच्या लोहार आळीची आठवण होते, फरक इतकाच की इथे एकाच आळीत कोणी फक्त पाती घडवी, कोणी फक्त धार लावी आणि कोणी फक्त मुठी बसवी.

इथल्या पारंपरिक घडीच्या चाकूला कुलूप नसते. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, ती पात्याच्या बुडाशी दाबून बसते आणि केवळ त्या दाबावर पाते उघडे किंवा मिटलेले राहते. दाब कमी झाला तर पाते डुलते, जास्त झाला तर नख मोडते. चांगल्या चाकूचे पाते उघडताना वाटेत अडखळत नाही आणि शेवटी टणत्कार करून बसते. कारागीर याला ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात. मला गंमत वाटली ती ही की दोन-तीनशे वर्षे इथल्या हातांनी घडवलेला हा साधा बिनकुलपाचा चाकूच आजच्या इंग्लिश कायद्यात सवलत मिळवून बसला आहे आणि नंतरची सारी सुधारित कुलपे बाहेर राहिली आहेत.

गावातल्या एका दुकानात मी असाच एक चाकू पसंत केला. शिंगाची मूठ, सरळ धारेचे पाते. दुकानदारांनी आधी वयाकडे पाहून हसत हसत सांगितले की कुलपाचे किंवा ३ इंचांहून लांब धारेचे चाकू १८ वर्षांखालील गिऱ्हाइकाला ते विकू शकत नाहीत, आणि मग मी व्हर्नियर काढल्यावर मात्र ते गंभीर झाले. धार ६८ मिलिमीटर भरली. त्यांना विचारले की इथे शीख बांधव कृपाण कसे बाळगतात. कायद्यात धार्मिक कारण आणि राष्ट्रीय पोशाख ही दोन्ही कारणे स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहेत, असे ते म्हणाले. स्कॉटिश पुरुष पायमोज्यात छोटी सुरी खोचतात तीही त्यातच येते. आपल्याकडे देशांतर्गत विमानांत कृपाणाला पात्यासाठी ६ इंच आणि एकूण ९ इंच अशी मापे ठरवून परवानगी आहे, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी ती मापे बिलाच्या पाठीवर लिहून घेतली.

आठवा आणि नववा दिवस : लंडन

लंडनमध्ये संग्रहालयांच्या दारांवर पिशव्या तपासतात, म्हणून दोन्ही चाकू हॉटेलच्या तिजोरीत ठेवले. कायद्याने चालणारा चाकू संग्रहालयाच्या दारावर चालेलच असे नाही, आणि रांगेत उभे राहून तो कुठे ठेवायचा याचा विचार करण्यात अर्थ नसतो. फळे कापलेली विकत घेतली. महाग पडली.

दहावा दिवस : परतीचा

या वेळी सौ.नी माझे खिसे, हातातली पिशवी, चष्म्याचे घर आणि किल्ल्यांची कडी स्वतः तपासली. दोन्ही चाकू मोठ्या बॅगेत एकेका मोज्यात, मोजे बुटात. मुंबईला बॅग पट्ट्यावरून घेतली आणि घरी येऊन आधी तीच उघडली.

पुतण्या दिवाळीत येणार आहे आणि आठ नंबर आणणार आहे. परवा त्याचा फोन आला, “काका, तुमचा चाकू हातातल्या बॅगेत ठेवू का? म्हणजे हरवणार नाही.” मी त्याला व्हर्नियर घेऊन पाते मोजायला सांगितले. पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ शांतता, आणि मग तो म्हणाला, “पंच्याऐंशी.”

“मग?”

“मोज्यात गुंडाळतो. मोठ्या बॅगेत.”